अण्णांच्या जमिनीवरची मंडळी

कचऱ्याचं आणि किश्शांचं एक सारखं असतं. रोज उचलले नाहीत तर साचतात! आमच्याकडे कचरा रोज उचलला जातो, तेच आमचं काम आहे. पण किस्से कोण उचलणार? ते साचत गेले. मध्यंतरी नाशिकहून भाची आली होती, तिला जेवताना दोन-तीन सांगितले, तर ती हातातला घास खाली ठेवून म्हणाली, "मावशी, हे सांगू नकोस, लिहून काढ!" जेवताना सांगण्यासारखे नाहीत, असं तिला म्हणायचं असावं. मी ते कौतुक समजले आणि लिहायला बसले.

आधी आम्ही कोण, ते सांगते. मी विजया, अख्ख्या ब्रह्माघाटाची विजूमावशी. शाळेत जन्मभर जीवशास्त्र शिकवलं, तेही हिंदीतून. जन्म काशीतलाच, त्यामुळे माझी मराठी घरच्या घरी वाढलेली. मध्येच हिंदी शब्द आला तर चालवून घ्या.

मुकुंद माझा शेजारी आणि एके काळचा विद्यार्थी. त्याचे वडील अण्णा, दशाश्वमेध घाटावर महाराष्ट्रातून येणाऱ्या यात्रेकरूंचे विधी करतात. वय अठ्ठ्याहत्तर, पण संकल्प सांगायला लागले की समोरच्या नावेतला माणूससुद्धा नकळत हात जोडतो. घराण्यात कैक पिढ्यांची भिक्षुकी. आणि या घरातल्या एकुलत्या एका मुलानं बियाणांच्या कंपनीतली चांगली नोकरी सोडून काय काढलं? अळ्यांचा कारखाना!

नाक मुरडू नका, समजावून सांगते. ब्लॅक सोल्जर फ्लाय नावाची एक काळी माशी असते, दिसायला कुंभारमाशीसारखी. ती चावत नाही, आपल्या अन्नावर येऊन बसत नाही, मोठेपणी जवळपास काही खातच नाही. जे काही खायचं ते लहानपणी, अळी असताना. मंडईतली सडकी भाजी, हॉटेलातलं उष्टं, फळांच्या साली, काय वाटेल ते घाला, दोन आठवड्यांत फस्त! अळ्या गुबगुबीत झाल्या की उकळत्या पाण्यातून काढायच्या, उन्हात वाळवायच्या आणि कोंबड्यांना नाहीतर तळ्यातल्या माशांना खाऊ घालायच्या. मागे जो भुसा उरतो, ते खत. जी अन्नसाखळी मी जन्मभर फळ्यावर खडूनं काढली, ती रिटायर झाल्यावर मुकुंदनं मला हातात घेऊन बघायला लावली. मी त्याच्याकडे कामाला लागले, ती अजून आहे.

गोम अशी, की कारखान्याची शेड उभी आहे अण्णांच्या जमिनीवर. सारनाथच्या पुढे आजोबांच्या वेळचा एक तुकडा आहे. मुकुंदनं हात जोडून मागितला तेव्हा अण्णा म्हणाले, "एक वर्ष. पुढच्या अक्षय्य तृतीयेला ती जमीन गोशाळेला द्यायचा माझा संकल्प आहे. तोवर काय घालायचा तो गोंधळ घाल!" आता अळ्यांना दुसरी जागा भाड्यानं कोण देतो? मुकुंदनं चारेक ठिकाणी विचारलं. एकानं तर नुसतं ऐकल्याचा दोष जावा म्हणून देव्हाऱ्यात दिवा लावला.

म्हणजे वर्षभर आमच्या डोक्यात एकच विचार: अण्णांनी एकदा येऊन बघावं. एकदा! पण अण्णांनी तिथे पाऊल ठेवलं तर शपथ. वर दोन अटी घातल्या. एक, अंघोळ केल्याशिवाय मुकुंदनं घराचा उंबरठा ओलांडायचा नाही. दोन, घरात 'त्यांचं' नाव काढायचं नाही.

*

नाव काढायचं नाही म्हटल्यावर मुकुंदनं नवं नाव ठेवलं: मंडळी.

त्याच दिवसांत इंदूरहून मुकुंदच्या एक लांबच्या काकू काशीयात्रेला आल्या. अतिशय प्रेमळ बाई. पहिल्याच सकाळी त्यांनी मुकुंदला फोनवर बोलताना ऐकलं: "मंडळी जेवली का? पोटभर जेवू दे. ऊन लागत असेल तर सावली कर." काकूंचे डोळे भरून आले. मला म्हणाल्या, "विजू, मुलानं अन्नछत्र घातलंय आणि अण्णा कुणाला सांगतसुद्धा नाहीत हो!"

मी विषय बदलला. काकूंना ते अन्नछत्र बघायची हौस आली, पत्ता कळावा म्हणून त्या फोनजवळच घुटमळायला लागल्या. तिसऱ्या दिवशी मुकुंद फोनवर म्हणाला, "झाली ना अंगानं चांगली? मग आता थांबू नकोस. आज उकळत्या पाण्यात घाल आणि उद्या उन्हात वाळत टाक."

काकू त्याच दुपारच्या गाडीनं इंदूरला परत गेल्या. विश्वनाथाचं दर्शन राहिलं ते राहिलंच!

*

अंघोळीच्या अटीचंही सांगते. काशीतली पौषातली थंडी ज्यानं सोसली आहे, त्यालाच ती कळेल. सूर्य आठवडा आठवडा तोंड दाखवत नाही. मुकुंद संध्याकाळी कामावरून यायचा, अंगणात कुडकुडत दोन बादल्या अंगावर घ्यायचा आणि मग आत. एक दिवस बिचारा तापानं फणफणला.

अण्णा रात्रंदिवस त्याच्या उशाशी. स्वतः आलं-तुळशीचा काढा करून पाजला, कपाळावर पट्ट्या ठेवल्या. मला वाटलं, विरघळले. संधी साधून मी म्हटलं, "अण्णा, आता तरी ती अट सैल करा. पोरगं मरेल थंडीनं."

अण्णांनी विचार केला. खूप विचार केला. म्हणाले, "बरोबर आहे तुझं. उद्यापासून पाणी तापवून ठेवत जाईन."

*

आता रामधनीची ओळख करून देते. रामधनी आमचा उजवा हात. पूर्वी गंगेत नाव वल्हवायचा, आता आमची ई-रिक्षा चालवतो, कचरा गोळा करतो, दळतो आणि ट्रेमध्ये पसरतो. गालात पान कायम. बोलायचं असलं की आधी मान वर करतो, म्हणजे रस सांडत नाही.

चौकात कचोरीची दोन दुकानं आहेत, समोरासमोर. एक सावजींचं, दुसरं त्यांच्या चुलतभावाचं. दोघांचं बोलणं कित्येक वर्षं बंद. दोन्हीकडची उरलेली, शिळी कचोरी-भाजी आमच्याकडे यायची. मुकुंदला शास्त्रीय प्रयोगांची खोड, त्यानं दोन्हींचे ट्रे वेगळे ठेवले, वर चिठ्ठ्या लावल्या. एक दिवस सावजींनी सहज विचारलं, "क्यों पंडितजी, हमारा माल पसंद आ रहा है आपके कीड़ों को?" आणि आमचा सत्यवादी मुकुंद बोलून गेला, "हां, लेकिन सामनेवाले के यहां के जरा ज्यादा मोटे हो रहे हैं."

झालं! दुसऱ्या दिवशी सकाळी सावजी स्वतः स्कूटरवरून शेडवर हजर. मागे पितळी डबा. झाकण काढलं तर आतून वाफ! हिंग घातलेली गरमागरम कचोरी, वर भाजी, कोपऱ्यात जिलब्या.

मुकुंद म्हणाला, "सावजी, यह तो ताजा है!"

"तो क्या बासी लेके मुकाबला करेंगे? आठ दिन खिलाइए, फिर नाप के बताइए!"

आठ दिवस डबा येत होता. आठ दिवस आम्ही तिघांनी सकाळी घरी नाश्ता केला नाही. नवव्या दिवशी सावजी खरोखरच हातात फूटपट्टी घेऊन आले आणि म्हणाले, "दिखाइए!" मुकुंद माझ्याकडे बघतोय, मी ट्रेकडे बघतेय. रामधनीनं शांतपणे मान वर केली, बंडी वर केली आणि पोटावर हात ठेवून म्हणाला, "नाप लीजिए सावजी. बढ़ा है!"

*

अण्णांचा खरा राग अळ्यांवर नव्हताच, असं मला वाटतं. त्यांचं म्हणणं वेगळं होतं: "मंडईतला उरलासुरला पाला हा गाईचा घास. तो काढून तुम्ही किड्यांना घालता." काशीत राहून याला उत्तर देणं सोपं नाही. मुकुंदनं नियम केला, की हिरवा पाला गाईगुरांना सोडायचा आणि फक्त सडकं तेवढं उचलायचं.

पण मंडईत एक मोकाट सांड आहे. भाजीवाले त्याला दरोगा, म्हणजे फौजदार म्हणतात, कारण प्रत्येक टोपलीतून हप्ता घेतल्याशिवाय तो पुढे जात नाही. या दरोग्याला नेमकं सडकंच आवडायचं! एकदा रामधनी पान लावून घ्यायला चौकात थांबला, तेवढ्यात दरोग्यानं आमच्या ई-रिक्षात तोंड घातलं. अर्धा माल फस्त केला आणि मग रिक्षापुढे आडवा पडून रवंथ करायला लागला. दोन्ही बाजूंनी गाड्या तुंबल्या, हॉर्नचा कलकलाट. हवालदार धावत आला आणि ओरडला, "किसका सांड है?"

रामधनी म्हणाला, "बाबा विश्वनाथ का है साहब. हम तो बस इनका टिफिन ले जा रहे थे."

"तो दे दो ना टिफिन! रास्ता जाम करके रखा है!"

उरलेला अर्धाही रस्त्याच्या कडेला ओतावा लागला. रामधनी रिकामी रिक्षा घेऊन परतला, पण मुकुंद खूश होता. अंघोळ उरकून अण्णांना म्हणाला, "आज आमचं सगळंच्या सगळं गुरानं खाल्लं, अण्णा!"

अण्णांनी विचारलं, "गाय होती का?"

"सांड होता."

"मग पुण्य निम्मंच," म्हणून अण्णा संध्येला बसले.

*

आमचं पहिलं गिऱ्हाईक इस्माईलभाई. शेडपासून दोन गावं पलीकडे त्यांच्या कोंबड्या आहेत. सुरुवातीला ते अळ्या घ्यायला तयार नव्हते, मग थोड्या नेल्या, मग रोज मागायला लागले. महिनाभरानं एका सकाळी मला त्यांचा फोन: "मावशीजी, गजब हो गया! मुर्गियां हड़ताल पर हैं!"

झालं होतं असं, की आमचा माल दोन दिवस पोचला नव्हता. इस्माईलभाईंनी नेहमीचा दाणा टाकला, तर कोंबड्यांनी त्याच्याकडे पाठ फिरवली. मुकुंद घाईघाईनं रिक्षात पोती टाकून स्वतः निघाला. गावाच्या तोंडाशी त्यानं हॉर्न वाजवला आणि त्याच वेळी कुणीतरी खुराड्याचं दार उघडलं.

तो हॉर्न कोंबड्यांच्या ओळखीचा होता! सगळ्या बाहेर, सगळ्या रस्त्यावर, सगळ्या रिक्षाच्या मागे. मुकुंद घाबरला आणि त्यानं रिक्षा वळवून उलट पळवली. मग काय, पुढे मुकुंद, मागे कोंबड्या, त्यांच्या मागे लुंगी सावरत इस्माईलभाई! शेजारच्या गावातल्या लोकांनी रिक्षा अडवली. त्यांना वाटलं, कोंबडीचोर!

मुकुंदनं शर्टाच्या आतून जानवं बाहेर काढलं. "भैया, हम ब्राह्मण हैं. मुर्गी चुराके क्या करेंगे?"

एक म्हातारा पुढे आला. त्यानं जानवं बघितलं, मग मागची रांग बघितली. "तो ये सब आपके पीछे काहे आ रही हैं, पंडितजी? कथा सुनने?"

*

महाशिवरात्रीच्या दुसऱ्या दिवशी एका ठंडाईवाल्यानं बादलीभर चोथा आणून दिला. बदाम, बडीशेप, खसखस, आणि काशीत शिवरात्रीला आणखी जे असतं ते. रामधनीनं तो न विचारता एका ट्रेमध्ये पसरला. दुसऱ्या दिवशी बघतो तर त्या ट्रेमधल्या अळ्या हलत नाहीत, खात नाहीत, निवांत पडून आहेत.

मी जीवशास्त्राची बाई. लगेच समजावून सांगितलं, की चोथा गार होता, हवाही गार होती, आणि थंडीत अळ्या मंदावतातच. उद्या ऊन पडलं की बघ. ऊन पडलं आणि खरंच त्या हलायला लागल्या. एवढंच नाही, तर नेहमीपेक्षा दुप्पट वेगानं खायला लागल्या.

रामधनीनं माझ्याकडे दयेनं बघितलं. म्हणाला, "मैडम, इसमें साइंस नहीं है. भांग के बाद भूख लगती ही है."

*

चैत्रात एका सरकारी खात्याचे मोठे साहेब शेड बघायला येणार असं कळलं. मुकुंद हरखला. साहेब आले की पेपरवाले येतील, पेपरात फोटो येईल, आणि पेपर अण्णा पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचतात! आम्ही शेड धुतली, भिंतीवर 'हार्दिक स्वागत' असा पांढरा कापडी फलक लावला.

चूक माझी झाली. आदल्या दिवशी कलिंगडाच्या साली आल्या होत्या. त्या निथळून घालाव्या लागतात, मी गडबडीत तशाच घालायला सांगितल्या. ट्रेमध्ये पाणी झालं. आणि ओल फार झाली की अळ्या एकच करतात: सामान उचलल्यासारख्या सगळ्या मिळून बाहेर पडतात आणि कोरडी जागा शोधत भिंतीवर चढतात.

साहेब पांढऱ्या पँटमध्ये आले. फलकाकडे बघून थांबले. चष्मा काढला, पुसला, परत लावला. "ये अक्षर हिल क्यों रहे हैं?"

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.  रामधनीनं मान वर केली आणि म्हणाला, "साहब, आपके स्वागत में खुद बाहर आए हैं!"

तेवढ्यात एक जण साहेबांच्या पँटवर स्वागताला पोचला. साहेब खुर्चीवर चढले आणि नेमका तेव्हाच फोटो निघाला. दुसऱ्या दिवशी तो पेपरात आलासुद्धा! खाली लिहिलं होतं, 'साहब ने ऊंचाई से निरीक्षण किया.'

अण्णांनी तो फोटो बराच वेळ बघितला. मुकुंद श्वास रोखून उभा. अण्णांनी पेपरची घडी घातली आणि एवढंच म्हणाले, "धोतर नेसायला हवं होतं त्यानं. झटकता येतं."

*

सगळेच किस्से हसायचे नसतात. अक्षय्य तृतीयेला दहा-बारा दिवस असताना गोशाळेचे दोन गृहस्थ टेप घेऊन जमीन मोजायला आले. माणसं भली होती, चहा घेतला, शेडचं कौतुकही केलं. लांबी मोजताना त्यांना तिसरा माणूस हवा होता, तेव्हा टेपचं दुसरं टोक मुकुंदनं स्वतः धरलं.

मला ते बघवलं नाही. मी आत जाऊन उगाचच ट्रे खाली-वर करत राहिले आणि मनसोक्त रडून घेतलं. अण्णांचा असा राग आला होता मला! एवढे शास्त्र जाणणारे, परक्याच्या आईबापांना सद्गती मिळावी म्हणून दिवसभर उन्हात बसणारे, आणि पोटच्या पोराच्या कामाकडे एकदा डोळे उघडून बघवत नाही?

ते गेल्यावर रामधनी शेडच्या दारात उकिडवा बसला.  मग म्हणाला, "मैडम, नाव तो मैंने बेच दी है." त्या दिवशी त्याच्या गालात पान नव्हतं.

*

आता शेवटचा. अक्षय्य तृतीयेला पाच दिवस होते.

नाईक म्हणून रेल्वेत एक इंजिनिअर आहेत, मूळचे भुसावळचे. त्यांची आई इथेच वारली, ऐंशी ओलांडलेली. दहाव्याचे विधी अण्णांकडे. घाटावर काय झालं ते मला नंतर नाईकांनीच सांगितलं. सगळं यथासांग झालं, पिंड ठेवला आणि कावळ्याची वाट बघत सगळे बसले. कबुतरं आली, एक बकरी आली, दोन परदेशी पाहुणे कॅमेरा घेऊन आले. कावळा नाही! दहा वाजले, अकरा वाजले, घाटाच्या पायऱ्या तापल्या, तरी कावळा नाही.

अशा वेळी दर्भाचा कावळा करतात आणि तोच पिंडाला शिववतात. चालतं ते. अण्णांनी दर्भ हातात घेतला, पण नाईकांचे मामा भुसावळहून आले होते, ते उठून उभे राहिले. "नाही गुरुजी! माझी बहीण जन्मात कुणाशी खोटं बोलली नाही. तिला शेवटच्या दिवशी गवताचा कावळा? मी इथून हलणार नाही!"

बारा वाजले. कुणाच्या पोटात पाण्याचा थेंब नव्हता. अण्णांनी दर्भ खाली ठेवला आणि म्हणाले, "रिक्षा बोलवा."

आता हे अण्णांना कुठून सुचलं, ते सांगते. ऊन वाढल्यापासून मुकुंद घरी रोज एकच रडगाणं गायचा: कावळे! ताडपत्रीवर अळ्या वाळत घातल्या, की निम्मा माल तेच पळवतात, जाळी लावली तरी फट शोधतात. अण्णा जेवताना मान खाली घालून असायचे, ऐकतात की नाही ते कळायचं नाही. आणि घरात अळ्यांच्या नावाला बंदी होती, कावळ्यांच्या नव्हती!

आम्ही शेडबाहेर अळ्या चाळत होतो. दारात दोन रिक्षा थांबल्या. पहिलीतून अण्णा उतरले. धोतर, उपरणं, बोटात दर्भाचं पवित्रक आणि दोन्ही हातांवर पत्रावळीत पिंड. मुकुंदच्या हातातली चाळणी हातातच राहिली.

अण्णांनी आमच्यापैकी कुणाकडेही बघितलं नाही. "स्वच्छ जागा कुठली?"

मुकुंदनं धावत जाऊन निंबाखालची जागा झाडली, पाणी शिंपडलं. अण्णांनी पिंड ठेवला, आम्ही सगळे मागे सरलो. आणि वर बघतो तर काय, निंबावर कावळे, शेडवर कावळे, तारेवर कावळे! मामांनी हात जोडले. नाईकांच्या बायकोला रडू फुटलं.

पाच मिनिटं झाली, दहा झाली. एकही हलेना!

नाईक पुढे झाले. "आई, तुझ्या धाकट्या नातीचं शिक्षण मी पूर्ण करीन, काळजी करू नकोस." कावळे ढिम्म. "आई, तुझ्या पाटल्या लेकीलाच देऊ." ढिम्म. शेवटी मामा घसा खाकरून म्हणाले, "ताई, बांधाचा तो तुकडा सोडला मी. तुझ्या पोरांना लिहून देतो." तेव्हा मात्र एक कावळा उतरला! सगळ्यांनी श्वास रोखले. तो पिंडाला वळसा घालून तुरुतुरु ताडपत्रीकडे गेला, जाळीच्या फटीतून एक अळी उचलली आणि परत झाडावर जाऊन बसला.

"सुबह से खा-खाके टाइट हैं," रामधनी माझ्या कानात कुजबुजला. "अब चावल कौन पूछेगा?"

कुजबुजला म्हणजे त्याच्या मतानं. ऐकलं सगळ्यांनी! मामांचा चेहरा पडला. मुकुंद तर असा उभा होता, की जणू त्या बाईंची सद्गती त्यानंच अडवली.

अण्णा शांतपणे मुकुंदसमोर आले. "यांना काय आवडतं?"

मुकुंदनं नुसतं शेडकडे बोट दाखवलं.

अण्णा चालत गेले आणि उंबऱ्यावर थांबले. मी मनातल्या मनात गणपतीपासून सगळे देव मोजले. मग त्यांनी धोतराचा सोगा उचलला आणि आत पाऊल टाकलं. ओळीनं ट्रे होते. एकेका ट्रेपुढे थांबत, वाकून बघत ते शेवटपर्यंत गेले. एका ट्रेजवळ बराच वेळ उभे राहिले.

"इथे काय होतं आधी?"

"सडका कोबी होता, अण्णा. आठ दिवसांपूर्वीचा." मुकुंद म्हणाला.

"वास नाही येत."

"नाही येत, अण्णा."

"जिवंत आवडते त्यांना की वाळलेली?"

"जिवंत."

अण्णांनी बोटातलं पवित्रक काढून कानावर ठेवलं. ट्रेमध्ये हात घातला. तो हात किती यात्रेकरूंच्या डोक्यावर ठेवला गेला असेल, देव जाणे! त्यांनी चिमटीत एक अळी धरली, उजेडात धरून निरखली, ती परत ठेवली आणि दुसरी उचलली. तशा तीन निवडल्या. बाहेर येऊन त्या पिंडावर ठेवल्या, आणि त्यांचं पाऊल मागे येतं न येतं, तोच झाडावरून काळी झडप पडली!

एक नाही, चार कावळे! अळ्या गेल्या, त्यांच्याबरोबर भातही गेला. नाईकांनी जमिनीवर डोकं टेकलं. मामा ढसाढसा रडत होते आणि मध्येच विचारत होते, "गुरुजी, हे शास्त्रात बसतं ना? बसतं ना?"

"आधी कावळा बसला ना?" अण्णा म्हणाले. "शास्त्र मागून बसेल."

नाईकांकडचे सगळे रिक्षात चढले. अण्णांनी हात धुतले, पवित्रक परत बोटात घातलं आणि रिक्षाकडे निघाले. मुकुंद तिथेच निंबाखाली पुतळा होऊन उभा. रिक्षा सुरू झाली, थोडी पुढे गेली आणि थांबली. अण्णांनी डोकं बाहेर काढलं.

"मुकुंदा, अक्षय्य तृतीया होऊन गेली, की ज्येष्ठात साठ्यांकडे वर्षश्राद्ध आहे. जरा ठसठशीत बघून काढून ठेव!"